काळे प्लॅस्टिक : कच्ची चमक आणि पक्की हिफाजत

मोटार ही आता बड्या लोकांची चैन राहिलेली नाही. कापडाचा, किराण्याचा, भंगाराचा, फळफळावळीचा, कसलाही धंदा करणारा माणूस चार पैसे गाठीला लागले की आधी गाडीचा विचार करतो. कोणी नवी घेतो, कोणी जुनी. घेताना तो इंजिनचा आवाज ऐकतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, टायर दाबून पाहतो, पत्र्याच्या रंगावरून हात फिरवतो. गाडीच्या अंगावर बाहेरून जे काळे प्लॅस्टिक असते त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या काळ्या कमानी, दारांच्या खालच्या पट्ट्या, आरशांचे बूड, वायपरखालची जाळी हे सगळे या काळ्या प्लॅस्टिकचे असते. तीन-चार उन्हाळे गेले की तेच प्लॅस्टिक चुलीतल्या राखेसारखे करडे दिसू लागते आणि चांगली चाललेली गाडीही म्हातारी वाटते. मग मालकाला जाग येते. त्याच वेळी बाजारही बाटल्या, डबे आणि फडकी घेऊन धावून येतो.

या बाजाराविषयीच आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या कारखान्याचे ज्ञान आम्ही सांगू लागलो तर लोक हसतील. परंतु रंग उन्हात का उतरतो, कोणता रंग कच्चा आणि कोणता पक्का, दुकानात चमकणारे कापड पहिल्या धुण्यात का मान टाकते, हे ज्याला कळत नाही त्याला कापडाच्या गादीवर बसता येत नाही. काळ्या प्लॅस्टिकचा प्रश्न नेमका हाच आहे. म्हणून गादीवरून जे दिसते ते आपल्या व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

हे प्लॅस्टिक आहे तरी काय?

फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरच्या जमान्यात बंपर लोखंडी असत आणि त्यांवर चकचकीत मुलामा असे. युरोपात १९७२ साली रेनॉ कंपनीने आपली ‘रेनॉ ५’ ही छोटी मोटार प्लॅस्टिकच्या बंपरसह आणली आणि पुढे सगळ्या जगाने ती वाट धरली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या साध्या मॉडेलांचे रंग न दिलेले प्लॅस्टिकचे बंपर अनेकांना आठवत असतील. गेल्या दहा-बारा वर्षांत जीपसारख्या दिसणाऱ्या उंच गाड्यांची आवड वाढली, तसे काळे प्लॅस्टिकही वाढले. रेनॉची क्विड २०१५ साली आली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ साली, टाटांची पंच २०२१ साली. या गाड्यांच्या चाकांभोवती आणि दारांखाली काळी किनार आहे. गोटे उडाले, गाडी कोठे घासली, तर पत्र्याऐवजी मार या किनारीने खावा, असा तिचा एक उपयोग. दुसरा उपयोग दिसण्याचा.

हे प्लॅस्टिक बहुतेक करून पॉलिप्रोपिलीन जातीचे असते. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली ज्या पॉलिप्रोपिलीनचा पाया घातला, आणि ज्या शाखेतील कामासाठी त्यांना व जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांना १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे. सिमेंटच्या आणि साखरेच्या विणलेल्या गोण्या याच्याच असतात. मोटारीसाठी त्यात लवचिकपणा यावा म्हणून रबर मिसळतात, कडकपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड मिसळतात आणि काळेपणासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, घालतात.

सूत-कापडाच्या बाजारात पॉलिप्रोपिलीनची एक खोड सर्वांना माहीत आहे. याला रंग चढत नाही. सुती सूत हौदात बुडवले की रंग पिते, हे पीत नाही. म्हणून त्याचा धागा काढतानाच, वितळलेल्या मालात रंग मिसळावा लागतो. बंपरचेही तसेच. त्याचा काळा रंग वरून लावलेला नसतो, आरपार असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे हिशोब तिच्यावर आहेत.

रंग उडत नाही, कातडी फाटते

रंग जर आरपार आहे, तर प्लॅस्टिक करडे का पडते? लोक म्हणतात, ‘उन्हाने रंग उडाला.’ हे खरे नव्हे. काजळीचा रंग सहजासहजी उडणारा नाही. शेतात आणि रस्त्याखाली टाकतात त्या काळ्या पाइपांत दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅक मुद्दाम घालतात, कारण काजळी स्वतः ऊन अडवते. मोटारीच्या प्लॅस्टिकमध्ये जे घडते ते निराळे आहे. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून प्लॅस्टिकची वरची अगदी पातळ कातडी खातात. तिला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी पडते. अशा खडबडीत अंगावर उजेड पडला की तो चोहीकडे विखुरतो आणि आपल्याला काळ्याऐवजी करडे दिसते. आत काळे तसेच असते.

याचा पुरावा कोणालाही घरी पाहता येईल. करड्या पडलेल्या बंपरवर पाणी शिंपडावे. ओले आहे तोवर बंपर काळाभोर दिसतो, वाळला की पुन्हा करडा. धुतलेला काळा कपडा दोरीवर ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका, तशीच ही गोष्ट. पाण्याने भेगा भरल्या, उजेड विखुरायचा थांबला, एवढेच झाले. रंग आला नाही आणि गेलाही नाही.

आता वाचकांच्या लक्षात येईल की बाजारातली निम्मी जादू याच पाण्याची आहे. पाण्याऐवजी तेल वापरले की ते लवकर वाळत नाही आणि काळेपणा आठ-पंधरा दिवस टिकतो. तेवढ्यात बाटलीचे पैसेही वसूल होतात.

खळीची चमक

कापडाच्या धंद्यात एक जुनी चलाखी आहे. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ द्यायची. कापड हाताला भरदार लागते, घडी कडक बसते, गिऱ्हाईक खूश होते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि कापडाचे पोतेरे होते. गिऱ्हाईक भांडायला येत नाही, ते परत दुकानातच येत नाही. काळ्या प्लॅस्टिकवर चाललेले बरेचसे उद्योग या खळीच्या जातीचे आहेत.

गाडी पुसणारी मुले फडक्याला डिझेल किंवा रॉकेल लावून बंपर पुसतात. लगेच काळे दिसते आणि मालक दहा-वीस रुपये जास्त देतो. परंतु ही तेले प्लॅस्टिकमधल्या रबरात मुरतात आणि ते फुगवतात, दारांच्या आणि काचांच्या रबरी पट्ट्या सैल करतात. वर धूळ चिकटते ती निराळीच. शिवाय ते मूल दिवसभर उघड्या हातांनी डिझेल हाताळते आणि त्याच्या हातांची सालपटे निघतात, त्याचा हिशोब कोणीच ठेवत नाही. कोणी गॅरेजमधले जळके ऑइल लावतो. त्यात इंजिनची झीज होऊन आलेली धातूची पूड आणि जळालेली घाण असते, ती कातडीला वाईट. कोणी खोबरेल लावतो, त्यावर धूळ बसून किटण धरते. कोणी बुटाचे काळे पॉलिश लावतो. जून महिना उजाडला की ते पावसाबरोबर वाहते आणि पांढऱ्या दारावर काळे ओघळ उमटतात.

दुकानातल्या बाटल्यांचे दोन प्रकार असतात. एक तेलकट, सिलिकॉन आणि सॉल्व्हंटचा. तो आरशासारखा चमकतो, हाताला चिकट लागतो, धूळ ओढतो. दुसरा दुधासारखा पांढरा, पाण्यात कालवलेला. तो कमी चमकतो, लावल्यावर कोरडा होतो आणि प्लॅस्टिक नवे असताना दिसते तसे दिसू लागते. गिऱ्हाईक चमक पाहून पहिला उचलते. आमचे मत दुसऱ्याच्या बाजूचे आहे. नव्या गाडीचे काळे प्लॅस्टिक आरशासारखे कधीच नसते, ते मंद काळे असते. जास्त चमकते ते प्लॅस्टिक नव्हे, त्यावरचे तेल चमकते.

खरी हिफाजत कशी?

उन्हाने फाटलेली कातडी पुन्हा शिवता येत नाही. म्हणून हिफाजत गाडी नवी असताना सुरू करावी. यात काही अवघड नाही.

पहिली गोष्ट, ऊन टाळणे. मे महिन्यात मालेगाव, जळगाव, अकोला या बाजूला पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि काळे अंग तर उन्हात हवेहून कितीतरी जास्त तापते. सावलीची जागा मिळत असेल तर दोन पावले चालावे. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल, तर तिचे एकच अंग दुपारच्या उन्हाला राहू नये म्हणून अधूनमधून तोंड फिरवून लावावी. आच्छादन घालायचे तर हवा खेळणाऱ्या कापडाचे घ्यावे, आणि ते धुतलेल्या गाडीवरच घालावे. धुळीच्या गाडीवर ओढलेले आच्छादन वाऱ्याने हलते आणि पॉलिश पेपरचे काम करते.

दुसरी गोष्ट, धुणे. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नये, गाडीचा शाम्पू वापरावा. प्लॅस्टिकला बारीक दाणे असतात, त्यांत माती बसते. ती फडक्याने निघत नाही, मऊ केसांच्या ब्रशने निघते. कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात चिखल व शेवाळ साचते, तिकडे जून ते सप्टेंबर हे काम जास्त नेमाने करावे.

तिसरी गोष्ट, पत्र्याचे पॉलिश प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नये. मेण आणि रबिंग कंपाउंड दाण्यांत जाऊन बसले की पांढरे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. पॉलिश करणाऱ्याला आधीच सांगावे की काळ्या भागाला मास्किंग टेप लाव. एवढ्याशा टेपने पुढची कटकट टळते. डाग पडलेच तर कोमट साबणपाणी आणि ब्रश, किंवा शाळेतल्या पोरांचे खोडरबर, हा साधा इलाज आहे.

चौथी गोष्ट, अतिनील किरणांपासून संरक्षण देतो असे ज्याच्या बाटलीवर स्पष्ट लिहिले आहे, असा पाण्यातला माल निवडावा. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, सावलीत उभी करून तो स्पंजाच्या तुकड्याने अगदी पातळ लावावा. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचा पुसून घ्यावा. जाड थर दिला म्हणजे जास्त दिवस टिकेल ही समजूत चुकीची आहे. जास्तीचा माल धूळ धरतो आणि पावसात ओघळतो. वायपरखालच्या जाळीला तर फारच बेताने लावावे, कारण तेथले सिलिकॉन पावसात काचेवर येते आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच धुरकट होते. ब्रेकच्या तबकडीवर आणि टायर जेथे रस्त्याला टेकतो त्या भागावर यातला थेंबही जाता कामा नये. येथे प्रश्न दिसण्याचा नसतो, जिवाचा असतो.

करडे पडून गेले असेल तर

ज्यांची गाडी आधीच करडी पडली आहे त्यांनी निराश होऊ नये, आणि घाईही करू नये. पहिले काम जुने तेल काढण्याचे. सौम्य क्लीनर आणि ब्रशने दोन-तीनदा धुवावे, पांढरे फडके फिरवून ते स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिप्रोपिलीनला मुळात काही चिकटत नाही, त्यात तेलकट अंगाला तर काहीच नाही. महाग कोटिंग महिन्यात निघाले म्हणून जो तो ओरडतो, पण पुष्कळदा ते तेलावर लावलेले असते.

स्वच्छ अंगावर काळेपणा आणणारे आणि कडक होऊन बसणारे कोटिंग लावले तर ते साध्या पॉलिशपेक्षा बरेच जास्त टिकते. तेही कायमचे नसते. जो दुकानदार ‘लाइफटाइम’ म्हणतो त्याला, लाइफ कोणाचे, गाडीचे की बाटलीचे, हे विचारावे.

काही कारागीर गरम हवेच्या गनने प्लॅस्टिक शेकतात आणि करडेपणा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. यात वरची फाटलेली कातडी वितळून सपाट होते. काम खरे आहे, पण जोखमीचे आहे. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते. गन दोन क्षण जास्त थांबली की दाणे पुसले जातात किंवा भाग वाकतो. शेजारचा रंग आणि रबर जळते ते वेगळे. शेकल्याने ऊन अडवणारे काही नव्याने आत जात नाही, म्हणून वरून संरक्षण दिले नाही तर करडेपणा परत येतो. हा इलाज पुन्हा पुन्हा करता येत नाही.

शेवटचा इलाज रंगाचा. प्लॅस्टिकचा खास प्रायमर आधी दिला तरच रंग धरतो, नाही तर सालीसारखा सुटतो. जो रंगारी प्रायमरचे नाव काढत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये. आधी सिलिकॉन लावलेले असेल तर तेही त्याला सांगावे. त्यावर मारलेल्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात आणि दोष रंगाऱ्यावर जातो.

हिशोब

व्यापारी माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? प्लॅस्टिक करडे पडले म्हणून गाडी थांबत नाही. हे अगदी बरोबर आहे, आणि जो गाडी भंगारात जाईपर्यंत वापरणार आहे त्याने करडे प्लॅस्टिक खुशाल राहू द्यावे. भीती घालून बाटल्या खपवणे आम्हाला मंजूर नाही. वरची कातडी फाटली म्हणून बंपर उद्या तुटत नाही.

परंतु आपल्यातले बहुतेक लोक गाडी पाच-सात वर्षांनी विकतात. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे गाडी दोन-तीन मालक पाहते. समजा वर्षाला ५०० रुपयांची एक बाटली लागली, तर सात वर्षांचे ३,५०० रुपये झाले. ते एकदम जात नाहीत, वर्षावर्षाने जातात. उलट, विकायच्या वेळी करडे भाग बदलायचे ठरवले तर चार चाकांच्या कमानी, दारांच्या पट्ट्या आणि मजुरी मिळून काय बिल होते, ते ज्याने त्याने आपल्या गावच्या पार्टच्या दुकानात विचारून पाहावे. गिऱ्हाईक तर करड्या पट्टीकडे बोट दाखवूनच भाव पाडायला सुरुवात करते. गाडीची निगा नाही, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. मग इंजिन कितीही चांगले असले तरी त्याचा विश्वास बसत नाही.

सौद्यातली सचोटी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुन्या गाड्यांच्या धंद्यात आपले बरेच तरुण आहेत. वॉशिंग सेंटर आणि पॉलिशची दुकानेही त्यांनी टाकली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सौद्याच्या आदल्या रात्री बंपरला तेल चोपडून गाडी उभी करण्याची रीत सर्रास झाली आहे. एजंट म्हणतात, ‘गिऱ्हाईकालाच चमक पाहिजे, आम्ही काय करणार?’ आमच्या बाजारातही खळीचे समर्थन याच शब्दांत होत असे. गिऱ्हाईकाला चमक पाहिजे हे खरे. ती चमक किती दिवसांची, हे त्याला ठाऊक नाही, हेही तितकेच खरे. ही दुसरी गोष्ट झाकून ठेवली की सौदा सौदा राहत नाही.

गाडी धुऊन, पुसून, नीटनेटकी करून विकण्यात काहीच वावगे नाही. कापडही इस्त्री करूनच दाखवतात. परंतु गिऱ्हाईकाने विचारले तर ‘वरून पॉलिश आहे, आतले करडे आहे’ असे सांगावे आणि त्याप्रमाणे भाव घ्यावा. हजार रुपये कमी मिळतील. तो माणूस पुढच्या वर्षी आपल्या भावाला घेऊन येईल.

विकत घेणाऱ्यालाही आम्ही एक उपाय सांगतो. कापडाचा रंग कच्चा की पक्का हे पाहायला पांढरे फडके कोरडे आणि ओले करून घासतात आणि फडक्याला किती रंग लागला त्याला १ ते ५ असे गुण देतात. तीच परीक्षा येथे करावी. पांढरा रुमाल साबणाच्या पाण्यात भिजवून बंपरच्या कोपऱ्यावर आणि वायपरखालच्या जाळीवर जोराने घासावा. रुमाल तेलकट काळा निघाला आणि घासलेली जागा वाळल्यावर करडी पडली, की समजावे, खळ आहे. गाडी सोडून द्यावी असे नाही. पण भाव त्या घासलेल्या जागेचा करावा.

बाटल्या बनवणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. कापडाचा रंग उन्हात किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या पट्ट्यांवर १ ते ८ अशा मापाने मोजतात. बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव, माप आणि किंमत छापणे आज कायद्यानेच सक्तीचे आहे. त्याच्या शेजारी, हा माल उन्हात किती आठवडे टिकतो आणि त्याची परीक्षा कशी केली, या दोन ओळी छापायला काय हरकत आहे? चांगला माल बनवणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. ज्याच्याकडे लिहायला काही नाही त्यालाच या ओळींची अडचण वाटेल.

आमच्या तरुण बांधवांना शेवटी एवढेच सांगणे आहे. डिझेलचे फडके टाकून द्या, ब्रश आणि पाण्यातला चांगला माल घ्या, मुलांच्या हातांत हातमोजे द्या आणि गिऱ्हाईकाला चमक व हिफाजत यांतला फरक सांगून दोन्हींचे वेगळे दर लावा. ज्याला एका दिवसाची चमक हवी तो तिचे पैसे देईल, ज्याला वर्षभराची हिफाजत हवी तो त्याचे देईल. कोणी कोणाला फसवले असे होणार नाही, आणि तुमच्या दुकानाच्या पाटीचा रंगही पक्का राहील.